वार्तेची वाट

तलासरी तालुक्यातील वेवजी हे गाव गुजरातच्या सीमेला टेकलेले आहे. याच तालुक्यातील झरी येथे 23 मे 1945 रोजी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथा मोडण्याचा निर्धार झाला. हजारो माणसे जमली, ती पाड्यापाड्यांतून पायी गेलेल्या निरोपांवर. पुढे ऑक्टोबरात त्याच वाटांनी खोटी वार्ता धावली: गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे, तलवाड्यास या! लोक धावले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले.

संगणकांचे जाळे पुष्कळ अलीकडचे. 29 ऑक्टोबर 1969 रोजी कॅलिफोर्नियात दोन दूरचे संगणक जोडले, तेव्हा पहिल्या शब्दाची दोन अक्षरे पोहोचताच यंत्र बंद पडले. अपशकुन मानणाऱ्यांनी खुशाल मानावा! आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 पासून ते सामान्य ग्राहकास खुले झाले आणि 1998 साली वारणा खोऱ्यातील सत्तर गावांत ऊस उत्पादकांसाठी आले. आपल्या उसाचे वजन किती भरले, हे शेतकऱ्यास गावातच कळू लागले. ही गोष्ट लहान नव्हे. लग्नाच्या कर्जापोटी राबणाऱ्या निरक्षर गड्यास सावकाराची वही वाचता येत नसे, हे आठवले म्हणजे आज तलासरीच्या खातेदारास संगणकावर दिसणाऱ्या सातबाऱ्याचे मोल उमगते. त्या उताऱ्याखाली स्वाक्षरी असते, हे विशेष.

अफवेखाली ती नसते. पायी आलेल्या निरोप्यास निदान ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारता येई. भ्रमणध्वनीवर एकच असत्य दहा हातांनी येते आणि दहा साक्षीदार मिळाल्याचा भास होतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळविणारे समजून भटक्या जमातीच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. उपाय योग्य, पण अपुरा; कारण पाचांचे पंचवीस व्हावयास कितीसा वेळ लागतो?

टाळेबंदीच्या काळात डहाणू तालुक्यात चोरांच्या अफवा अशाच फिरत होत्या. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले येथे जमावाने एक मोटार अडवून आतील दोन साधू व चालक यांना ठार केले. ते कांदिवलीहून सुरतेस एका अंत्यविधीसाठी निघाले होते.