दोन कानांचा पूर्वपक्ष

गोंगाटातही हवा तो आवाज वेगळा कसा ऐकू येतो, असं विचारलं की बहुतेक सुशिक्षितांचं उत्तर ठरलेलं असतं: कान दोन आहेत म्हणून. आवाज एका कानावर किंचित आधी पोचतो, मेंदू त्यावरून दिशा काढतो आणि दिशेगणिक आवाज सुटे करतो. या मताच्या पाठीशी नावही मोठं आहे. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि श्रोत्यांनी हवं ते सहज उचललं.

पण हा दाखला देणारे त्याच निबंधातला आधीचा प्रयोग सोयीस्करपणे गाळतात. तिथे चेरींनी एकाच माणसाच्या आवाजातली दोन भाषणं एका फितीवर मिसळून दोन्ही कानांना सारखीच ऐकवली होती. दिशेचा मागमूस नाही. श्रोत्यांना घाम फुटला, पुन्हापुन्हा ऐकावं लागलं. तरी बरंचसं त्यांनी वेगळं केलंच.

फितीपर्यंत तरी कशाला जायचं? अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या सगळ्या तबकड्या स्टिरिओच्या आधीच्या. गळा, पेटी, तबला एकाच खाचेत कोरलेले आणि एकाच कर्ण्यातून बाहेर पडणारे. दिशेवरच सगळी भिस्त असती, तर तिथे नुसता कालवा ऐकू आला असता.

मग ही विभागणी होते कशी? मॅकगिल विद्यापीठातल्या अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली या विषयावर जाडजूड ग्रंथच लिहिला. अंतर्कर्ण येणारा ध्वनी कंप्रतांमध्ये फोडतो. कोणता तुकडा कोणाचा, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. जे घटक एकदम सुरू होतात, एकाच मूळ कंप्रतेच्या पटीत असतात, एकत्र हेलकावतात, त्यांची मोट बांधली जाते. एकामागून एक येणाऱ्या स्वरांचं काय होतं, ते व्हॅन नूर्डन यांच्या आइंडहोव्हनच्या १९७५च्या प्रबंधात पाहावं. खालचा स्वर, वरचा, पुन्हा खालचा, मग तेवढाच विराम. हे आवर्तन सतत चालू. दोन स्वर जवळ असले की घोडदौडीसारखा ठेका ऐकू येतो. लय द्रुत ठेवून स्वरांतलं अंतर वाढवत न्या. एका क्षणी घोडा नाहीसा होतो आणि दोन स्वतंत्र ओळी उरतात, खालची भराभर, वरची तिच्या निम्म्या गतीने. ध्वनिवर्धक एकच, क्रम तोच! मधल्या टापूत तर ऐकणारा मनात आणेल तसं, कधी एक कधी दोन, ऐकू शकतो.

दोन कानांचा उपयोग नाही, असं कोण म्हणेल? एका कानाने ऐकू न येणाऱ्याला विचारा, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचं बोलणं पकडताना काय होतं ते. पण मदत करणारी गोष्ट म्हणजे मूळ कारण नव्हे; पूर्वपक्षाची गल्लत तिथेच होते.

आणि दिशा तरी नेहमी आधी ठरते का? १९७५ साली डायना डॉइच यांनी आरोही आणि अवरोही सप्तक एकाच वेळी वाजवलं, मात्र दोन्हींतला प्रत्येक पुढचा स्वर आलटूनपालटून दुसऱ्या कानात सोडला. प्रत्येक कानात जात होते उड्या मारणारे, विस्कळीत स्वर. बहुतेकांना ऐकू आल्या दोन सलग ओळी: वरचे स्वर एका कानात, खालचे दुसऱ्या. मेंदूने आधी स्वरांची जवळीक पाहिली आणि मग दिशा वाटून दिली, तीही चुकीची. हेडफोन उलटे घातले तरी अनेकांना वरची ओळ आधीच्याच बाजूने ऐकू येत राहिली.