सामानाची यादी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमधल्या एखाद्या घरची महिन्याच्या सामानाची यादी घ्या. ती एका दुकानात पुरी होत नाही. तांदूळ शेतातला, नाहीतर गिरणीवरून आणलेला एचएमटीचा कट्टा. गहू कंट्रोलचा. तेल, साबण, चहा, बिस्किटे चंद्रपूरला कोणी जाणार असेल तर तिकडच्या मोठ्या मार्टमधून. मिरची, हळद, चिंच उन्हाळ्यातच वर्षभराची भरलेली. भेदरे, सांबार, पोपटाच्या शेंगा, सुकट आठवडी बाजारातून किंवा गुजरीतून. आणि फोडणीच्या वेळी जिरे संपल्याचे ध्यानात आले की पोराला घराजवळच्या किराणा दुकानात पिटाळायचे, "भाऊ, लिहून ठेवा" असा निरोप देऊन.

मोठ्या शहरांत मॉल की किराणा असा वाद रंगतो. मूलसारख्या तालुक्याच्या गावात तो तसा उभाच राहत नाही. इथे यादीतली कोणती ओळ कुठे न्यायची हे ठरवावे लागते, आणि त्या प्रत्येक ओळीचा जन्म वेगळ्या काळातला आहे. माझे म्हणणे असे की ही विभागणी भावापेक्षा एका जुन्या गोष्टीवर चालते: घरात रोख पैसा केव्हा येतो. वर्षातून एकदा येणारा पैसा, आठवड्याला येणारा आणि महिन्याला येणारा, या प्रत्येकाने आपापले दुकान घडवले.

सगळ्यात जुनी खरेदी वर्षाची. रेल्वे नव्हती, पावसाळ्यात रस्ते नव्हते, वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे नुसते जंगल, तेव्हा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, चैत्रात महाकालीची यात्रा भरे. नवस फेडायला आलेला माणूस परतताना कापड, भांडी, मसाले घेऊन जाई, आणि एकोणिसाव्या शतकात ही यात्रा देवीइतकीच व्यापारासाठीही नावाजलेली होती. भांदकची यात्रा होती, महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची होती. मीठ मात्र बंजाऱ्यांच्या बैलांवरून समुद्राकडून यायचे. आज पाकिटातले मीठ यादीत सगळ्यात स्वस्त असते. त्या काळी जंगलातल्या माणसाला सगळ्यात महाग पडणारी वस्तू तीच होती, कारण तिच्या बदल्यात चारोळी जायची, डिंक जायचा, मोहफूल जायचे. मापाला माप अशी ही अदलाबदल या भागात पिढ्यानपिढ्या चालली. सुकामेव्यात मोडणारी चारोळी मिठाच्या भावाने देणाऱ्या घराला दुकान निवडायचे स्वातंत्र्य होते, असे कोणी म्हणू नये. मीठ ज्याच्याकडे, त्याच्याच दारात जावे लागे.

1870च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी रेल्वे आली, पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही छोटी लाईन मूलवरून गेली. वस्तू वर्षभर येऊ लागल्या आणि व्यापाराची जत्रा हळूहळू देवाची जत्रा उरली. तरी वर्षाची खरेदी संपली नाही. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा दुकाने आणि रात्री नाटक. धान निघण्याच्या सुमाराचे हे दिवस, म्हणून पाहुणे, बांगड्या, खेळणी, कपडे सगळे त्यातच येते. वर्षभराची मिरची चुंगडीने घेणारे घर आजही त्याच जुन्या वहिवाटीने चालते.

आठवडी बाजाराची गोष्ट वेगळी आहे. मला तो सगळ्या खरेदीस्थानांत श्रेष्ठ वाटतो, आणि त्याचे कारण स्वस्ताई नव्हे. बाजारात येणारी बाई आधी विकते, मग घेते. खेड्यातून येताना तिच्या टोपलीत वांगी असतात, कोंबडी असते, मामा तलावातली मासोळी असते, दिवसात मोहफूल असते. दुपारपर्यंत त्याचे पैसे होतात आणि त्याच पैशाचे तेल, मीठ, मिरची घेऊन ती संध्याकाळच्या आत परत निघते. हे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारांचे. 1951मध्ये मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि त्यांतली मासोळी अजून बाजारात येते. कुठल्याही मार्टच्या दारात वांग्याची टोपली घेऊन जाता येत नाही. तिथे खिशात पैसा घेऊनच शिरावे लागते. बाजार मात्र ज्याच्याकडे सकाळी एक रुपया नाही त्यालाही ग्राहक करून घेतो.

बाजारात भांडण व्हायचे ते मापावरून. धान पायलीने, कुडवाने, खंडीने मोजले जाई, आणि पायली भरताना हात कसा फिरवला यावर पसा-दोन पसे इकडचे तिकडे होत. 1958च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने आली आणि 1962पर्यंत टप्प्याटप्प्याने ती सक्तीची झाली. तरी पायली घराघरांत टिकली आणि बोलण्यातून तर ती अजून जात नाही. वजनाचा काटा ही लहान सुधारणा वाटते, पण अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाला तिने प्रथमच दोन दुकानांची तुलना करायची सोय दिली.

आता किराणा दुकान. चंद्रपूर जिल्ह्यात दुकानांच्या पाट्या वाचत गेले की "वार"ने संपणारी आडनावे भेटत राहतात. तेलंगणाकडून येऊन इथे रुजलेल्या कोमटी व्यापाऱ्यांची ही घरे. त्यांच्या जोडीला पुढे मारवाडी, गुजराती आले. या दुकानाने जे दिले ते बाजार देऊ शकत नव्हता: वेळ. जूनमध्ये पेरणीला पैसा गेलेला, घरातला तांदूळ सरत आलेला, आणि धान हाती यायला दिवाळी उजाडायची. हे चार महिने किराणा दुकानदाराच्या वहीवर निघत. मीठ-मिरची, रॉकेल, चहापत्ती, सगळे खात्यावर. धान विकले की हिशेब.

या उधारीचे फार गोडवे गायले जातात. ओळख, माणुसकी, लग्नकार्यात पाठीशी उभा राहणारा शेठ. ते खोटे नाही. पण उधारीचे व्याज भावातच मुरलेले असायचे, आणि खाते थकले असताना दुसऱ्या दुकानाची पायरी चढणे कठीण होते. ज्याच्यावर बाकी आहे तो निवड करत नसतो. शिवाय त्याच शेठने धान घ्यायचे असले तर त्याचा भावही तोच सांगणार. आधार आणि अडवणूक एकाच वहीत लिहिलेली असायची. दोन्ही वाचल्याशिवाय किराणा दुकानाचा इतिहास पुरा होत नाही.

सरकारने या वहीत हात घातला तो दोन बाजूंनी. एक बाजू विक्रीची. 1972मध्ये आदिवासी विकास महामंडळ उभे राहिले, 1976मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा आला आणि त्याखाली एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे ठरवलेल्या क्षेत्रात धान आणि वनोपज खाजगी व्यापाऱ्याऐवजी महामंडळानेच घ्यायचे. 1978पासून खावटी कर्ज मिळू लागले, नेमके त्या पावसाळी चार महिन्यांसाठी. दुसरी बाजू खरेदीची, म्हणजे कंट्रोल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टंचाईतून आलेले रेशन विदर्भात याच नावाने ओळखले जाते. 1 मे 1999पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे झाली. अन्नसुरक्षा कायदा 2014च्या फेब्रुवारीपासून राज्यात लागू झाला, माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो. 2023पासून तेही मोफत. 2022च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल अशी "आनंदाचा शिधा"ची पिशवी मिळाली. शेतमजुराच्या यादीतली सगळ्यात मोठी ओळ अशी कंट्रोलने उचलली, आणि मला ही या शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी घटना वाटते. धान्याची चिंता कमी झाल्यावरच हातातल्या रोख पैशाने कुठे काय घ्यावे, हा विचार गरीब घरात सुरू होऊ शकला.

लिहिलेली यादी आणली ती पगाराने. तहसील, वनखाते, शाळा, बँक, एसटी. एक तारखेला पगार झाला की कागदावर यादी, दुकानदार पुड्या बांधून ठेवणार, संध्याकाळी पोते सायकलवर. 1990च्या सुमारास पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे आले. पुडीची जागा पाकिटाने घेतली, आणि दुकानदाराचे डाळ निवडण्याचे, मिरची पारखण्याचे कसब कमी लागू लागले. वस्तू सगळीकडे तीच आणि किंमत छापलेली, मग फरक उरला तो त्या छापील किमतीतून किती कमी करता यावर. मोठ्या मार्टची वाट इथेच मोकळी झाली. डी-मार्टचे पहिले दुकान 2002मध्ये मुंबईत पवईला उघडले, आणि "छापील किमतीपेक्षा कमी" हेच त्याचे म्हणणे होते.

तो भाव मूलपर्यंत पोचायला मधले सुमारे 45 किलोमीटर आडवे येत. वाचलेले पैसे बसभाड्यातच जायचे. मार्च 2023मध्ये एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि हा हिशेब फिरला. जुलै 2024पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार महिन्याला बायकांच्या खात्यात येऊ लागले. ज्या घरात पगार कधी नव्हता तिथेही महिन्याची एक ठरलेली रक्कम आली, तीही बाईच्या नावावर. दवाखाना, कॉलेज, कोर्टकचेरीसाठी चंद्रपूरला गेलेली बाई आता परतीच्या बसमध्ये तेलाची पाकिटे आणि साबणाचा जोड घेऊन बसते. तांदूळ ती तिथून कधीच आणत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात निवडून वाढवलेले आणि एका व्यापाऱ्याने गाजलेल्या घड्याळाचे नाव दिलेले ते एचएमटी इथे मळणीपासून ओळखीचे आहे. बंद पिशवीतल्या तांदळावर विश्वास ठेवायची या भागाला गरज पडलेली नाही.

कमी भावात घ्यायची आणखी एक वाट होती. वर्गणी भरून ठोकात घ्यायचे, ही गोदामछाप दुकानांची पद्धत 1976मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला सुरू झालेल्या प्राइस क्लबने रूढ केली. त्याच्या वर्षभर आधी, 1975च्या गुढीपाडव्याला, मुंबई ग्राहक पंचायत निघाली होती: शेजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल ठोकात आणून वाटून घ्यायचा. नफा कोणाचाच नाही. मला त्या दोन्हींत हा मार्ग अधिक मोलाचा वाटतो, आणि तालुक्याच्या गावांत तो रुजला नाही याचे वाईट वाटते. आपल्याकडे सभासदांची ठोक दुकाने आली ती घरांसाठी नव्हे तर दुकानदारांसाठी. अमरावतीला वॉलमार्टचे बेस्ट प्राइस तसेच होते. मूलच्या छोट्या दुकानदाराला मात्र अजूनही चंद्रपूरचा नाहीतर नागपूरच्या इतवारीचा ठोक व्यापारीच जवळचा. तो ओळखीवर माल देतो.

अलीकडे तालुक्याच्या गावांतल्या दुकानांनीच रूप बदलले आहे. मधला ओटा काढला, मांडण्या लावल्या, हातात टोपली दिली, संगणकाचे बिल आणि फोनवर पैसे. पाटीवर "मार्ट". माल हाताळून घेता येतो, पोरीबाळींना कोणाची नजर चुकवत काही मागावे लागत नाही, हे चांगलेच झाले. पण संगणकाच्या बिलात खाते नसते. रोखीचे गिऱ्हाईक तिकडे सरकते आणि जुन्या दुकानात उरते ते उधारीचे. रोख येईना तर ठोक व्यापाऱ्याचे पैसे भागत नाहीत, आणि मग दुकानदार पहिला हात आखडतो तो उधारीवर.

याचा फटका बसतो तो ज्याचा पैसा अजून वर्षाच्या चालीने येतो त्याला. मे महिन्यात वाघाच्या भीतीत पहाटे जंगलात शिरून तेंदूपाने तोडणारी माणसे, रोवणीची मजूर माणसे, धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणारा दोन एकरांचा शेतकरी. कंट्रोलचे तांदूळ-गहू त्याला मिळतात, पण तेल, मीठ, डाळ, साबण, पोराची वही यांसाठी ऑगस्टमध्ये वहीच लागते. खावटी कर्ज 2013नंतर थांबले. करोनाच्या वर्षी त्याच्या जागी अनुदान आले, कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. ते त्या संकटापुरते होते, आणि पावसाळा दरवर्षी येतो. बाकीची सगळी दुकाने आपापल्या गिऱ्हाइकाला चार ठिकाणे दाखवतील. या माणसासाठी जून ते ऑक्टोबर इतके महिने बिनव्याजी, ठरलेल्या भावाने खाते चालवणारी एखादी सहकारी व्यवस्था तालुक्यात असायला हवी, आणि धानाचा चुकारा त्याच व्यवस्थेतून वेळेवर यायला हवा.