आधी विशेष, मग सर्वसाधारण

विशेष मुलांच्या शाळेतला वाचन-लेखनाचा तास बाहेरून आलेल्या माणसाला बालवाडीसारखा दिसतो. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे, रव्याच्या ताटात बोटाने गिरवलेला 'ग', स्वतःच्या नावाची पट्टी शोधून ती हजेरीच्या फळ्यावर लावणे, बाजाराच्या यादीतल्या शब्दाखाली ती वस्तू ठेवणे, असे सगळे चाललेले असते. हे पाहून समज होतो की ही नेहमीच्याच अभ्यासक्रमाची पातळ केलेली आवृत्ती आहे, ज्यांना खरा अभ्यास झेपत नाही त्यांच्यासाठी. शिक्षण खात्याच्या अनेक योजनाही हाच समज धरून बेतलेल्या असतात. धडा तोच ठेवायचा, त्यातले चार प्रश्न कमी करायचे, उरलेल्याला 'अनुकूलन' म्हणायचे. इतिहास मात्र उलटे सांगतो. अक्षर शिकवण्याच्या ज्या कृती आज सर्वसाधारण वर्गात आपण सहज वापरतो, त्यांतल्या बऱ्याच विशेष मुलांसाठी आधी शोधल्या गेल्या आणि मग इतरांच्या वाट्याला आल्या. नाशिकच्या विशेष शाळांकडे पाहताना ही वंशावळ ध्यानात ठेवली पाहिजे.

फ्रान्समध्ये 1800 साली रानात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला डॉक्टर ईतार यांनी सुटी अक्षरे हातात देऊन 'दूध' हा शब्द जुळवायला शिकवले. त्यांचे शिष्य सेगँ यांनी बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी स्पर्श आणि हालचाल यांवर उभी असलेली पद्धत बांधली. रोममध्ये 1898 ते 1900 या काळात मारिया माँटेसरी अशाच मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांची काही मुले सर्वसाधारण मुलांच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा सगळे त्यांचे कौतुक करू लागले. माँटेसरींना प्रश्न पडला तो दुसराच: निरोगी मुले शाळेत जातात, तरी इतकेच का शिकतात? त्यातून 1907 चे बालगृह आले आणि खरखरीत कागदाची अक्षरे जगभर गेली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून ही साधने मराठी बालवाड्यांत रुळली. नाशिकमधल्या कोणत्याही बालवाडीत आज मूल ज्या अक्षरावरून बोट फिरवते, त्याचे मूळ अपंग मुलांच्या वर्गात आहे. उसनवारी झालीच असेल तर ती सर्वसाधारण शाळेने केली आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे युरोपातून कशाला आणायचे, आपली धूळपाटी होतीच की. होती, आणि तिचाही प्रवास थोडका नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासकडे मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणली, 1797 मध्ये तिच्यावर लिहिले, आणि इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत वाळूचे टेबल आले. नाशिक-पंचवटीत तर शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेची परंपरा मोठी, आणि त्या शाखेचा विद्यार्थी स्वर हाताने दाखवत म्हणतो: हात खाली, वर, बाजूला. कान, जीभ आणि हात एकाच वेळी कामाला लावणे ही आजच्या विशेष शिक्षकाची पहिली युक्ती या गावात शतकानुशतके वापरात होती. पण तेवढ्यावरून अभिमानाने फुगायचे कारण नाही. ती युक्ती कोणासाठी राखलेली होती, हेही त्याच परंपरेत लिहिलेले आहे. मनुस्मृतीचा नववा अध्याय जन्मांध, बहिरा, मुका, जड बुद्धीचा यांना वारसाहक्कातून वगळतो आणि त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे सांगतो. पोसायचे, पण वाटा द्यायचा नाही, ही रीत अक्षरांच्या बाबतीतही चालली. पद्धत हाताशी असूनही ती या मुलांपर्यंत गेली नाही. म्हणून धूळपाटीचा वारसा सांगताना तिच्याभोवतीची कुंपणेही मोजावी लागतात. जातीचे कुंपण त्यांतले सगळ्यांत उंच.

या मुलांभोवतीचे कुंपण ओलांडण्याचे सुरुवातीचे प्रयत्न मुंबईत झाले. 1885 च्या सुमारास तिथे मूकबधिरांची शाळा निघाली, 1900 मध्ये अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधशाळा काढली. दोन्हींमागे मिशनरी होते. अंधशाळेत ब्रेल पाटीवर लिहायचे तर कागद टोचत उजवीकडून डावीकडे जायचे आणि तो उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचा. म्हणजे आंधळे मूल लिहायला शिकताना आरशातल्या प्रतिमेचे गणित आपोआप शिकते. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल, म्हणजे भारती ब्रेल, 1951 मध्ये ठरली. तिची एक गंमत डोळस शिक्षकांना फारशी ठाऊक नसते. छापील मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते आणि उच्चार मात्र नंतर होतो. 'पर्वत'मधला र बोलताना व-च्या आधी येतो, कागदावर मात्र व-च्या डोक्यावर जाऊन बसतो. भारती ब्रेलमध्ये आधी क, मग इ. आधी र, मग व. जसे बोलावे तसे टिंब पडते. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (नॅब) या संस्थेचे महाराष्ट्र युनिट नाशिकमधून चालते. अंध मुलांना ब्रेल वाचताना आपल्या लिपीच्या ज्या खोड्या आड येत नाहीत, त्याच डोळस मुलांना कुठे अडवतात, याचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

श्रवणदोष असलेल्या मुलांच्या शिक्षकांनी वेगळीच वाट काढली. नाशिकमधले माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि पडसाद ही नावे शहराला परिचित आहेत. या क्षेत्रात शिक्षकांना शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीत आधी अनुभव येतो: एखाद्या ठिकाणी भेट, एखादी कृती, घरची एखादी बातमी. मग त्यावर बोलणे, आणि जे बोलले गेले तेच फळ्यावर उतरवून वाचायचे. पाठ्यपुस्तक अगदी शेवटी. आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत हा क्रम नेमका उलटा आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची गोष्ट नाशिकमध्ये 1977 मध्ये सुरू होते. स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने रजनी लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिराचा पाया घातला, आणि पुढे मोठ्या मुलांसाठी संरक्षित कार्यशाळाही उभी राहिली. एक जुना आक्षेप इथेच नीट तपासता येतो. या मुलांना आंघोळ करणे, जेवणे, चार पैसे मिळवणे शिकवा, अक्षरे कशाला? आईबापांनीच तो अनेकदा घेतला आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण तो वाचन म्हणजे धडा वाचणे असे धरून चालतो. या शाखेतले वाचन प्रयोजनातून येते: आपले नाव, घरचा पत्ता, 'पुरुष' आणि 'महिला', 'धोका', सिटी बसवरची 'नाशिकरोड'ची पाटी, औषधाच्या बाटलीवरची खूण. कार्यशाळेत पाकिटे भरणाऱ्याला लेबल ओळखता आले की देखरेख करणाऱ्याचा एक हात मोकळा होतो. अक्षर आणि स्वावलंबन ही दोन कामे मानणे हीच मूळ चूक. अर्थात प्रयोजनाचे वाचन तिथेच थांबवणे, गोष्ट आणि कविता यांपासून मुलाला कायमचे दूर ठेवणे, हेही मला पटत नाही. पाटी वाचता आली म्हणून कोणी वाचक होत नाही, आणि या मुलांना गोष्ट आवडते.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. देवनागरी जशी बोलावी तशी लिहिली जाते, तेव्हा इंग्रजीसारखी वाचन-अडचण मराठीत असायची नाही, असे मानले जाते. वेलांटी आणि रफार वर पाहिलेच. त्यात 'प्र', 'ट्र', 'ऱ्य' ही एकाच र-ची आणखी रूपे, 'श' आणि 'ष' यांचा जवळजवळ सारखा झालेला उच्चार, 'घ' आणि 'ध' यांच्या आकारातले साम्य, आणि नियमाने ठरलेले ऱ्हस्व-दीर्घ मिळवा, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासून मिळू लागल्या, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता अधिकृत 21 प्रकारांत आली. सवलत मिळाली हे बरे झाले. पण जादा वेळ आणि लेखनिक यांनी परीक्षा सुटते, वाचन सुटत नाही. त्यासाठी मराठी अक्षरांच्या क्रमावर, जोडाक्षरांच्या पायऱ्यांवर बेतलेल्या कृती लागतात, आणि इंग्रजीतले तयार संच भाषांतरित करून त्या मिळत नाहीत.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कोठारी आयोगाने 1966 मध्ये अपंग मुलांचे शिक्षण सर्वसाधारण व्यवस्थेचाच भाग असावे असे म्हटले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि 2016 च्या कायद्याने ते हक्काच्या भाषेत आणले. मग वेगळ्या शाळेची वेगळी पद्धत जपायची कशाला? माझे म्हणणे इतकेच की शाळा एक होणे आणि पद्धत संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल नेहमीच्या वर्गात बसले, फिरते शिक्षक अधूनमधून येऊन गेले, आणि बाकीचे दिवस त्याच्यापुढे चार प्रश्न वगळलेला तोच धडा राहिला, तर त्याला फक्त बाक मिळाला. माँटेसरींनी जे केले तेच पुन्हा करायला हवे. विशेष वर्गातल्या कृती सबंध वर्गाला द्यायच्या, कारण त्या सबंध वर्गाच्याच कामाच्या आहेत.

त्यासाठी त्या आधी लिहिलेल्या हव्यात. नाशिकच्या विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे अजमावून पाहिलेल्या कृती त्यांच्या टाचणवह्यांत आहेत, आणि शिक्षक निवृत्त झाला की वही रद्दीत जाते. याच शहरात 1989 पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार करणे हा त्याच्या कामाचाच भाग. विद्यापीठाने या शाळांच्या वह्या मागून घ्याव्यात, निवडाव्यात आणि प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या हाती पडतील अशा किमतीत छापाव्यात.