घर बांधलं कुणी, सजवलं कुणी, नाव कुणाचं? राहाता परिसरातल्या पहिल्या घरांचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तसा घरगुती आहे. राजे, लढाया, तह यातलं काही आज येणार नाही. आज बघायचंय ते एवढंच, की आपल्या भागात माणसाचं पहिलं स्वतःचं घर कसं झालं. ते कशाचं बांधलं, आत शिरल्यावर ते कसं सजवलं, आणि शेवटी कागदावर नाव कुणाचं लागलं. हा तिसरा प्रश्न लक्षात ठेवा, कारण शेवटी आपण तिथंच पोहोचणार आहोत.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे गावठाण, जिथं माणसं राहतात. काळी म्हणजे शेत, जिथं माणसं राबतात. हे नुसते रंग नाहीत. पांढरी माती ही पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या घरांची माती असते. तिच्याच भेंड्या पाडायच्या, त्यांच्याच भिंती उभ्या करायच्या. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. हे झालं माळवद, काही ठिकाणी त्यालाच धाबं म्हणतात. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, ती चोपायची, तरी आषाढात कुठंतरी गळायचंच. घर मोजायचं ते चौरस फुटात नाही, खणात. ‘पाच खणांचं घर आहे’ एवढं सांगितलं की सोयरिकीला आलेल्या पाहुण्याला तुमची ऐपत कळायची. (हशा)

आता एक गोष्ट बघा. ब्रिटिशांनी जमिनीची मोजणी केली ती प्रामुख्यानं काळीची. सारा शेतावर होता, म्हणून शेताला सर्व्हे नंबर आले, नकाशे आले, सातबारा आला. गावठाणातल्या घराघराची तशी मोजणी फार थोड्या ठिकाणी झाली. म्हणजे शेताला पक्का कागद होता, आणि ज्या घरात माणूस जन्मला, लग्न करून राहिला, मेला, त्या घराला बहुतेक ठिकाणी नीट कागदच नव्हता. ग्रामपंचायती आल्यावर नमुना आठची नोंद आली. पण ती मुळात घरपट्टीची नोंदवही आहे. गावठाणातल्या घरांना रीतसर मिळकत पत्रिका द्यायची ‘स्वामित्व’ योजना आली ती २०२० साली, ड्रोनवरून मोजणी करून.

मग राहात्याच्या भागात बदल कशानं झाला? पाण्यानं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे दोन कालवे निघतात. उजवा कालवा आपल्याकडे येतो. दारणा धरण १९१६ साली पूर्ण झालं. दक्षिणेकडे प्रवरेचे कालवे, आणि त्यांच्यासाठी १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण. तोपर्यंत हा सगळा बाजरी-ज्वारीचा, दुष्काळाचा मुलूख होता. पाणी आलं तसा ऊस आला. ऊस कसायला पुणे जिल्ह्यातून, सासवडच्या बाजूनं माळी बागाईतदार आले आणि कालव्याखालच्या जमिनी खंडानं घेऊ लागले. नंतर पेरूच्या, मोसंबीच्या बागा झाल्या.

बागाईत आलं की शेतावर राहावं लागतं. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर गावातून कोण जाणार? म्हणून लोक पांढरी सोडून काळीत राहायला गेले. यालाच आपण ‘वस्ती’ म्हणतो. आजही आपल्याकडे पत्ता सांगताना आडनाव आणि पुढं वस्ती असंच सांगतात. कित्येक कुटुंबांचं भावकीपासून वेगळं असं पहिलं घर ते वस्तीवरचं.

पण काळी माती घराला चांगली नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, जमिनीला भेगा पडतात. जमीन हलली की भिंत तडकते. पांढरीत चार पिढ्या टिकलेली बांधणी काळीत चार वर्षांत चिरफळायची. मग लोक शिकले. मुरूम लागेपर्यंत खणायचं, काळी काढून टाकायची, मुरूम भरून चोपायचा, आणि मग दगडाचा पाया. वर जड माळवद नको, हलका पत्रा नाहीतर कौलं. १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड रेल्वेमार्ग पुणतांब्यावरून जातो. ज्या सामानाची आपल्या गावात कुणी कल्पना केली नव्हती, ते सामान रेल्वेनं जवळ आणलं. मंगलोरी कौलं, पत्रा, पुढं सिमेंट. म्हणजे वस्तीवरचं घर दिसायला साधं असलं तरी ते नव्या काळाचं घर होतं.

याच काळात शेजारच्या शिर्डीत काही घरं उभी राहिली, त्यांची नोंद चांगली सापडते. १९०८ साली हरी विनायक साठे यांनी निंबाच्या झाडाजवळ वाडा बांधला. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित, म्हणजे काकासाहेब दीक्षित, यांच्या वाड्याचा पाया डिसेंबर १९१० मध्ये घातला गेला आणि १९११ च्या रामनवमीला गृहप्रवेश झाला. म्हणजे साधारण चार महिन्यांत वाडा! आज फ्लॅटचा ताबा मिळायला किती वर्षं लागतात ते तुम्हीच आठवा. नागपूरचे गोपाळराव बुटी यांनीही मोठा वाडा बांधायला घेतला, आत मुरलीधराचं मंदिर करायचं होतं. १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीला साईबाबांचं देहावसान झालं आणि त्याच वाड्यात त्यांची समाधी झाली. मालकानं राहायला बांधलेला वाडा सगळ्यांचा झाला.

आता राहात्याचा संबंध सांगतो. ज्या जागेवर हा बुटीवाडा उभा राहिला तिथं आधी फुलबाग होती. दाभोळकरांच्या साईसच्चरितात ही हकिकत आहे, की बाबांनी राहात्याहून जाई, जुई, झेंडू आणून ती लावली. वामन तात्या नावाचा भक्त रोज दोन कच्चे घडे द्यायचा, आणि बाबा स्वतः विहिरीचं पाणी शेंदून झाडांना घालायचे. घडे भाजलेले नसल्यानं संध्याकाळपर्यंत फुटायचे, दुसऱ्या दिवशी नवे. हे तीन वर्षं चाललं. भक्तीच्या अंगानं ही कथा तुम्ही ऐकली असेल. इतिहासाच्या अंगानं तिच्याकडे बघा. ज्या माणसाच्या नावावर एक खणसुद्धा नव्हता, जो पडक्या मशिदीत राहत होता, त्यानंही राहती जागा आपलीशी करायला पहिलं काय केलं? झाडं लावली. रोज पाणी घातलं. घर आपलं होतं ते कागदानं, हे अर्धं खरं आहे. रोजच्या हातानं होतं, हे उरलेलं अर्धं.

आणि हा रोजचा हात कुणाचा असतो, हे या सभेत मी वेगळं सांगायला नको.

जुन्या घराची सजावट म्हणजे काय होतं ते बघा. जमीन शेणानं सारवायची. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायचा. खालच्या बाजूला गेरूचा पट्टा. दिवाळीला चुन्याची सफेदी, त्यात चिमूटभर निळ, म्हणजे भिंत पिवळट दिसत नाही. भिंतीतच कोनाडे आणि देवळ्या, एकीत दिवा, एकीत फणी-करंडा. एका कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, वर शिंकं. उंबऱ्यावर हळदी-कुंकवाची बोटं, दारात रांगोळी. यातलं एकही काम एकदा करून संपत नाही. सारवण आठ दिवसांत उखडतं, पोतेरा पावसात जातो. म्हणून मी म्हणतो, या घरांत सजावट आणि डागडुजी ही दोन कामं नव्हतीच. पोतेरा दिला नाही तर भिंत फक्त मळकी दिसत नाही, ती झिजायला लागते. बाईच्या हातानं घर नुसतं सुंदर होत नव्हतं, ते उभं राहत होतं.

मग भिंतीवर चित्रं आली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि छापील लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. पुढं साईबाबांची तसबीर, कारखान्याचं कॅलेंडर, वडीलधाऱ्यांचे हार घातलेले फोटो. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. मुसलमान घरात मक्का-मदिनेची तसबीर. एखाद्या गावाचा सामाजिक इतिहास लिहायचा असेल तर आधी समोरच्या खोलीतल्या भिंती बघाव्यात.

भांड्यांची मांडणी ही तर आपल्याकडची खरी शोकेस. पितळेची, नंतर स्टीलची भांडी ओळीनं लावलेली. त्यांवर कोरलेली नावं वाचा कधी. आहेर कुणी दिला, कुणाच्या लग्नात, तारीख काय. बाईचं नाव हमखास सापडतं ते या भांड्यांवर. ज्या घराची भिंत ती दर दिवाळीला रंगवते, त्या घराच्या उताऱ्यावर मात्र ते नाव नसायचं.

१९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावं तुम्हाला माहीत आहेत. उसाचा पैसा गावात आला आणि घरांनी रूप बदललं. मातीच्या जागी पक्की वीट, पत्र्याच्या जागी स्लॅब, शहाबादी फरशी, ऑइलपेंट. ‘स्लॅबचं घर’ हा शब्द लग्नाच्या बोलणीत आला, जिथं पूर्वी खण मोजायचे.

पण त्याच उसाच्या जिवावर दुसरं एक घर दरवर्षी उभं राहायचं आणि मोडायचं. ऊसतोड कामगाराची कोपी. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून, पाथर्डीच्या बाजूनं बैलगाड्या यायच्या. बांबू, चटई, वर उसाचं पाचट, आता ताडपत्री. आत वाकूनच जायचं. तरी पहिल्या दिवशी चूल मांडली जाते, पुढची हातभर जागा सारवली जाते. पाच-सहा महिन्यांनी हंगाम संपला की सगळं मोडून निघायचं. आपल्या स्लॅबच्या घरांचा इतिहास सांगताना कोपीचा सांगितला नाही, तर तो इतिहास अर्धवट राहील. एकाच उसावर दोन घरं उभी होती, एक टिकणारं आणि एक मोडणारं.

आता कागदाकडे येऊ. १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला, देशभर तो २००५ साली आला. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, शेतकऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करावी म्हणून. सरकारी घरकुल योजनेतही हा विचार शिरला. १९८५ साली इंदिरा आवास आली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. २५ चौरस मीटरचं घर, सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान, रोजगार हमीतून मजुरी, आणि घर साधारणपणे नवरा-बायकोच्या एकत्र नावानं किंवा बाईच्या नावानं.

१९ ऑक्टोबर २०१८. साईबाबांच्या समाधीला शंभर वर्षं झाली त्या सोहळ्यात, शिर्डीतच, पंतप्रधानांच्या हस्ते घरकुलाच्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि राज्यातल्या दोन लाखांहून अधिक कुटुंबांचा एकत्र ई-गृहप्रवेश झाला. राजकारण बाजूला ठेवा, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून बघा. १९११ मध्ये एका सॉलिसिटरच्या वाड्याचा गृहप्रवेश जिथं झाला, तिथंच १०७ वर्षांनी पडद्यावर गृहप्रवेश झाला, आणि तो २६९ चौरस फुटांच्या घरांचा.

मात्र किल्ली मिळाली म्हणजे गोष्ट संपत नाही. घरकुल बांधायला आधी जागा लागते. ज्याची जागा नाही, जो वर्षातले सहा महिने कोपीत असतो, त्याचं अनुदान कागदावरच अडकतं. अनुदानात भिंती आणि छत होतं, गिलावा आणि रंग राहून जातो. म्हणून खेड्यापाड्यात तुम्हाला अशी घरं दिसतात, की विटा उघड्या आहेत, पण दाराला झेंडूचं तोरण आहे आणि पुढं सारवलेल्या अंगणात रांगोळी आहे. काहीजण त्याला अपुरं घर म्हणतील. मी म्हणेन, सरकारचं काम जिथं थांबलं तिथून त्या घरातल्या बाईनं पुढं चालू केलंय.

तेव्हा मंडळी, शेवटी दोन कामं सांगतो, दोन्ही बिनखर्चाची. तुमच्या घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा आणि पहिलं घर कधी, कशाचं, कुणी बांधलं, त्यात पहिली वस्तू कुठली आणली, हे लिहून काढा. हा इतिहास कुठल्याही दप्तरात नाही, आणि तो सांगणारी माणसं कमी होत चाललीत. दुसरं काम, तुमच्या घराचा उतारा काढा. नमुना आठ असेल, नगरपरिषदेची नोंद असेल, मिळकत पत्रिका असेल. त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. मग स्वयंपाकघरातल्या जुन्या पितळी डब्यावरचं नाव वाचा. दोन्हीकडे एकच नाव सापडलं तर उत्तम. नसेल सापडलं, तर काय करायचं ते घरात बसून ठरवा. त्याला व्याख्यात्याची गरज नाही.