कडेवरची अक्षरं

1695 साली इंग्लंडच्या सरकारी खजिन्यातल्या अधिकाऱ्यांनी चांदीची जुनी नाणी तराजूत घालून पाहिली. मोजली तर रक्कम 57,200 पौंड भरत होती. तेवढ्या नाण्यांत 2,20,000 औंसांहून अधिक चांदी असायला हवी होती. काटा 1,14,000 औंसांपर्यंतही गेला नाही. थोडी चांदी झिजेनं गेली असेल, पण बहुतेक कात्रीनं गेली होती. तरीही ही निम्मी उरलेली नाणी बाजारात पुऱ्या किमतीनं फिरत होती.

युरोपातलं जुनं नाणं हाती आलं की संग्राहक आधी राजाचा चेहरा बघतो, मग मागची ढाल. कड बघितलीच तर शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण सोळाव्या-सतराव्या शतकातली टांकसाळीची सगळी झटापट नाण्याच्या कडेवरच झाली.

त्याआधी नाणं हातोड्यानं पाडत. खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वरचा कारागिराच्या मुठीत, मध्ये चांदीची चकती आणि वरून घाव. चकती कातरून वजनाला बसवलेली, त्यामुळे नीट गोल क्वचितच असे. ठसा मधोमध उमटेल याचीही खात्री नसे. अशा वेड्यावाकड्या नाण्याची आणखी एक चिंधी कुणी उडवली, तर कळणार कसं? कात्री, कानस आणि एक मूस एवढ्या भांडवलावर धंदा चाले. सोन्याची नाणी चामड्याच्या पिशवीत घालून खळखळवायची आणि तळाशी साचलेली पूड गोळा करायची, ही त्याहून सभ्य रीत.

मराठी वाचकाला इथे प्रश्न पडेल. मुघल किंवा मराठेशाहीतल्या रुपयाची कड काही फार सुबक नव्हती. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच पडत. मग आपल्याकडे काय होतं? सराफ होता. तो रुपया जोखायचा, वाजवायचा, कधी कडेला किंवा तोंडावर आपली खूण ठोकायचा आणि कमी भरलं तर बट्टा कापायचा. कातरलेला रुपया पुऱ्या भावानं त्याच्या गळ्यात मारणं सोपं नव्हतं. इंग्लंडात रोजच्या व्यवहारात असा माणूस मध्ये नव्हता. सोनं लोक जोखून घेत, आणि त्यासाठीच्या चिमुकल्या तराजूपेट्या आजही संग्राहकांच्या बाजारात मिळतात. चांदी मात्र मोजून द्यायची, मोजून घ्यायची. शिलिंग तो शिलिंग. नाण्याची कड घडवण्याचा सगळा खटाटोप म्हणजे सराफाचं काम खुद्द नाण्याकडूनच करून घेण्याची धडपड होती, असं मी म्हणेन.

पहिला उपाय साधा होता. 1247 साली तिसऱ्या हेन्रीनं पेनीच्या पाठीवरचा क्रूस थेट कडेपर्यंत ताणला. क्रूसाची टोकं दिसली नाहीत, तर नाणं कातरलेलं समजायचं. दुसरा उपाय फाशीचा. त्यात न्याय किती आणि सूड किती, हे 1278 च्या धरपकडीवरून दिसतं. पहिल्या एडवर्डनं नाणी कातरल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यू पकडले, त्यातले कित्येक लटकवले आणि 1290 मध्ये उरलेल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. पुढे नाणं कातरणं हा राजद्रोह ठरला, तरी कात्र्या थांबल्या नाहीत.

तिसरा उपाय यंत्राचा. 1550 च्या सुमारास आउग्सबुर्गच्या एका सोनाराचं तंत्र फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीनं पॅरिसला आणलं. चांदीचा पत्रा रुळांतून एकसारखा काढायचा, चकत्या यंत्रानं पाडायच्या आणि ठसा स्क्रूच्या दाबयंत्रानं उमटवायचा. तिथल्या टांकसाळीतला एलॉय मेस्त्रेल लंडनला गेला आणि 1561 पासून राणी एलिझाबेथसाठी नाणी पाडू लागला. त्याचे सहा पेनीचे तुकडे आजही हातोड्याच्या नाण्यांच्या गर्दीत चटकन ओळखू येतात, इतके नेटके आहेत. पण यंत्र संथ चाले, आणि टांकसाळीतल्या जुन्या कारागिरांच्या पोटावर पाय येत होता. 1572 मध्ये मेस्त्रेलला काढून टाकलं आणि 1578 मध्ये खोटी नाणी पाडल्याबद्दल फाशी दिलं. फ्रान्समध्येही कारागिरांनी यंत्राला पदकांपुरतंच ठेवलं. हातोडा तिथून हटायला 1645 साल उजाडलं.

मेस्त्रेलचं नाणं गोल होतं, पण त्याची कड गुळगुळीत होती. हलक्या हातानं कानस फिरवली, तर पकडणं कठीणच. ही फट बुजवली पियर ब्लोंदो या आणखी एका फ्रेंच माणसानं. पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवून आलेल्या प्रजासत्ताकानं त्याला 1649 मध्ये लंडनला बोलावलं. पुन्हा तेच कारागीर आडवे आले. शेवटी 1662 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं त्याला कामाला लावलं आणि क्राउन या मोठ्या नाण्याच्या कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं आली. अर्थ असा: शोभा आणि संरक्षण. शब्द व्हर्जिलच्या महाकाव्यातले. ते आपण सुचवले, असं लेखक जॉन ईव्हलिननं लिहून ठेवलं आहे. लहान नाण्यांना अक्षरांऐवजी खाचा दिल्या. आता कानस लागली की अक्षर मोडणार, खाच बुजणार, आणि मंडईतल्या बाईलाही ते दिसणार.

ही अक्षरं उमटवायची कशी, हे ब्लोंदोनं कुणाला कळू दिलं नाही. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युअल पीप्स मे 1663 मध्ये टांकसाळ बघायला गेला. बाकी सगळी कामं त्यानं रोजनिशीत बारकाईनं टिपली, पण कडेचं काम गुपित आहे आणि ब्लोंदो जागेवर नव्हता, एवढीच नोंद तो करू शकला. 1685 नंतर फ्रान्सनं कास्तँ या अभियंत्याचं यंत्र वापरात आणलं, त्यावरून तत्त्व समजतं. पोलादाच्या दोन समांतर पट्ट्या, एक स्थिर आणि एक दातेरी चाकानं सरकणारी. प्रत्येकीवर अर्धा मजकूर. कोरी चकती मधून लोळत गेली की कड लिहून तयार, मग चेहऱ्याचा ठसा.

ब्लोंदो कामाला लागला त्याच सुमारास ठसे कोरणाऱ्या टॉमस सायमनला डावलून राजानं नेदरलँड्सकडच्या एका कलावंताला काम दिलं. सायमननं 1663 मध्ये नमुन्याचा क्राउन कोरला आणि कडेवर दोन ओळींत बारीक अक्षरांत राजाला विनंती केली: हे नाणं त्या डच नाण्याशेजारी ठेवून बघा, सरस वाटलं तर माझी दाद घ्या. दाद लागली नाही. 1665 मध्ये तो वारला. इंग्लंडच्या नाण्यांत यापेक्षा हवाहवासा तुकडा संग्राहकांना नाही, आणि त्याची कीर्ती कडेवर उभी आहे.

एवढं होऊनही 1695 साली ती निम्मी चांदी का? कारण सरकारनं नवं आणलं, जुनं तसंच चालू ठेवलं. दोन्हीची किंमत सारखी, मग भरदार नवा क्राउन कोण खर्चणार? तो वितळला किंवा परदेशी गेला, बाजारात कातरलेलाच उरला. 1696 मध्ये जुनी चांदी मागे घेतली. त्या धांदलीत न्यूटन टांकसाळीत आला, पाच गावांत जादा टांकसाळी निघाल्या आणि चेस्टरच्या टांकसाळीवर धूमकेतूवाला हॅली बसला.

संग्राहकाला कड बरंच सांगते. मजकूर आधी आणि ठसा नंतर, म्हणून अक्षरांची सुरुवात डोक्याच्या नेमकी वर येईलच असं नाही. तो दोष समजू नये. साच्यात ओतलेल्या नकलेची शिवण कडेवर सापडते. कुणी नाण्याला कडी जोडून गळ्यात घातलं असेल, तर डाग काढल्याची घासट तिथेच राहते. नाणी ठेवण्याच्या काही डब्यांत कड पूर्ण झाकली जाते. अशी डबी मी तरी घेणार नाही. क्राउनच्या कडेवर राजवर्षही असतं. 1663 च्या नाण्यावर ते पंधरावं आहे. चार्ल्स गादीवर बसला 1660 मध्ये, पण मोजणी 1649 पासून, बापाचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून. मधली प्रजासत्ताकाची वर्षं कडेवर नाहीतच.

आपल्याकडे राजवर्षाचा खेळ उलटा झाला. जुन्या सनाच्या रुपयावर सराफ बट्टा कापत, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं कलकत्त्याच्या रुपयावर मुघल बादशहा शाहआलमचं 19 वं वर्ष कायमचं गोठवलं. 1793 पासून तो यंत्रावर पाडून कडेला तिरप्या खाचा दिल्या. शाहआलम 1806 मध्ये वारला. त्याचं 19 वं वर्ष त्यानंतरही पंचवीसहून अधिक वर्षं टांकसाळीतून निघत राहिलं.