चिमटा, बुश आणि अनुमान

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोटारसायकलच्या बेरिंगशी काय देणंघेणं? माझं म्हणणं असं, की नांदेड-लातूरकडच्या गॅरेजमधला मिस्त्री दिवसभर अनुमानच करत असतो. फक्त त्याला आपण ज्ञान म्हणत नाही.

सुरुवात बैलगाडीपासून करू. आख आणि तुंबा यांच्यातलं वंगण संपलं की चाक करकरायचं, शिवारभर ऐकू जायचं. झीज स्वतःच बोंब मारायची. सुरुवातीच्या मोटारसायकलींना मागे स्प्रिंगच नसे. धक्का सीटखालच्या स्प्रिंगा आणि माणसाची कंबर घेई. त्यात सुख नव्हतं, पण झिजायला सांधेही नव्हते.

मग चिमटा आला. इंग्रजीत त्याला स्विंग आर्म म्हणतात. हा बदल घडवून आणण्यात खडकाळ, चिखलाच्या वाटेचा मोठा वाटा आहे. 1948 साली इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्रिटिश संघाने ट्रॉफी जिंकली. त्यात चिमट्यावर चालणारी रॉयल एन्फील्ड बुलेट होती. 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि ती बुलेट आपल्या रस्त्यांवर आली. चिमट्याबरोबर त्याचा बुशही आला. चाक वरखाली होतं ते या सांध्यावर.

पुढे लुसियाँ तिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची एकाच शॉकची कल्पना यामाहाने उचलली. 1973 साली हाकान अँडरसनने त्या गाडीवर 250 सीसी मोटोक्रॉसचं विश्वविजेतेपद मिळवलं. 1980 च्या सुमारास जपानी कंपन्यांनी चिमटा आणि शॉक यांच्यामध्ये लिंकेज, म्हणजे छोट्या दुव्यांची जोडणी, बसवली. चाक जसजसं वर जाईल तसतसा शॉक कडक होत जातो. 2016 साली आलेल्या हिमालयनमध्येही अशी लिंकेज आहे.

आता गंमत पाहा. लिंकेजच्या प्रत्येक सांध्यात सहसा सुईसारख्या बारीक रुळांचं नीडल बेरिंग असतं. चाकाचं बेरिंग पूर्ण फिरतं, हे मात्र थोडंसंच मागेपुढे हलतं. त्यामुळे तेच रूळ त्याच जागी दाबले जातात आणि तिथे खाचा पडतात. शिवाय लिंकेज असते गाडीच्या पोटाखाली. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरची आपली काळी माती तिथेच लपेटून बसते. वर वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा मारला की पाणी आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं. तरी हे बेरिंग बैलगाडीसारखं ओरडत नाही. बराच काळ ते मुकाट झिजतं.

म्हणजे यंत्र जितकं सुखाचं झालं, तितकी त्याची झीज अबोल झाली. पूर्वी जे कानाला कळत होतं, ते आता अनुमानाने काढावं लागतं.

समजा, लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला जाताना वळणावर गाडीची शेपूट डुलते. ‘शॉक गेला, बदला’ हा निष्कर्ष घाईचा आहे. न्यायदर्शनात अशा खुणेला सव्यभिचार हेतू म्हणतात. ती एका कारणाशी एकनिष्ठ नसते. टायर, चाकाचं बेरिंग, चिमटा, लिंकेज, कशामुळेही शेपूट डुलेल. इथे अन्वय-व्यतिरेक हवा. 1843 साली जॉन स्टुअर्ट मिलने कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांचाही गाभा हाच आहे. एकेक गोष्ट वेगळी करा आणि खूण राहते की जाते ते बघा.

गाडी डबल स्टँडवर घ्या, किंवा इंजिनाखाली भक्कम आधार द्या. मागचं चाक अधांतरी हवं. चिमट्यालाच उचलणारा स्टँड नको, कारण वजन सांध्यावर येतं आणि खेळ लपतो. मग चाक खालून धरून हळूच वर उचला. शॉक दबण्याआधीच ‘टक’ असं जाणवलं, तर दोष लिंकेजमध्ये किंवा शॉकच्या बुशात आहे. दुसरं बोट एकेका सांध्यावर ठेवा. ज्या सांध्यात टक लागतो, तो गुन्हेगार.

नंतर चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. चिमटा स्थिर आणि चाक डगडगतं, तर चाकाचं बेरिंग गेलं. चिमटाही चाकाबरोबर चेसिसपाशी हलतो, तर चिमट्याचा बुश किंवा बेरिंग गेलं. तरीही शंका उरली तर मिस्त्रीकडून शॉक सोडवून घ्या आणि चिमटा हाताने वरखाली करा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. खरखरला किंवा अडकला, तर बेरिंग उघडा. गंजाचा लाल चिखल बहुधा तिथेच सापडेल.

हे महत्त्वाचं का? चुकीच्या अनुमानाने महागाचा शॉक बदलला जातो, बेरिंग तसंच राहतं आणि घरचा माणूस त्याच गाडीवर रात्री परततो. पावसाळा संपला की सांधे उघडून ग्रीस भरून घेणं, एवढाच याला उपाय.

आणि एक. बोटाने टक ओळखणाऱ्या त्या मिस्त्रीला आपण ‘अडाणी पण हुशार’ म्हणतो. त्यातला ‘पण’ काढून टाका. ‘अडाणी’सुद्धा. प्रत्यक्षावरून अनुमानाकडे कसं जायचं हे ज्याला नेमकं कळतं, त्याला आपली परंपरा नैयायिक म्हणत आली आहे.

आता प्रश्न असतील तर विचारा.