गळलेल्या पानाचा जमाखर्च

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर महिना आला की बागांची आवराआवर सुरू होते. दिवस लहान होत जातात. ओक, बीच, लिंडन या झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळू लागतात आणि घरोघरी दंताळी बाहेर निघतात. हिरवळीवरचा पाचोळा ओढून काढायचा, गवत शेवटचे एकदा कापायचे, डेलियाचे कंद खणून आत ठेवायचे, असा हा कार्यक्रम असतो. उत्तर अमेरिकेतही बर्फ पडण्याआधी हेच चालते. आपल्या पुस्तकांत ‘ऑटम’ या शब्दाचे भाषांतर ‘शरद’ असे केलेले आढळते, पण आपला शरद ऋतू पानगळीचा नव्हे. आपली पानगळ येते शिशिरात. हा फरक लक्षात ठेवू या, कारण शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

ओढून काढलेल्या पाचोळ्याचे काय करायचे? तो कचरा आहे की खत? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मातीच्या विज्ञानाची काही प्रकरणे लिहिली गेली. ती पाहू या.

पान गळते तेव्हा

थंडी जवळ आली की झाड पानातील हरितद्रव्य मोडून टाकते आणि त्यातील उपयुक्त द्रव्ये परत खोडाकडे ओढून घेते. नत्र आणि स्फुरद यांचा साधारण निम्मा भाग अशा रीतीने वाचवला जातो. कॅल्शियम मात्र पानातच राहते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि पान सुटून खाली पडते. म्हणजे झाडाने आपली शिल्लक काढून घेतलेली असते, पण खाते पुरते रिकामे केलेले नसते. जमिनीवर पडलेल्या पानात कर्ब भरपूर असतो, नत्र थोडे असते, आणि राहिलेली द्रव्ये मातीतून पुन्हा मुळांकडे जायची वाट पाहत असतात. हे पान झाडून दूर नेले तर जमाखर्चात तेवढी तूट येते.

हिरवळीचे दोन शत्रू

पण माळ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. थंड प्रदेशातील गवत शरदातच मुळे वाढवते आणि हिवाळ्यासाठी शर्करा साठवते. त्यावर ओल्या पानांचा जाड थर बसला तर उजेड मिळत नाही, हवा खेळत नाही, आणि बर्फाखाली बुरशी वाढून गवताला चट्टे पडतात. त्यामुळे पाने काढा हा सल्ला चुकीचा नव्हता.

पूर्वी अशी हिरवळ राखणे श्रीमंतांनाच परवडत असे, कारण गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापावे लागे. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे मध्यमवर्गीयांच्या घरापुढेही हिरवळ आली आणि तिच्याबरोबर तिचे शत्रूही आले. पाचोळा हा एक, आणि दुसरे गांडूळ, कारण ते मातीच्या लहान लहान गोळ्या वर आणून टाकते आणि गुळगुळीत हिरवळ खराब करते.

गांडुळाची बाजू घेणारा एक माणूस याआधीच होऊन गेला होता. हँपशायरमधील सेलबोर्न गावी राहणारे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७७७ मधील एका पत्रात लिहिले होते की माळी आणि शेतकरी गांडुळांचा तिरस्कार करतात, पण गांडुळे जमिनीला भोके पाडून तिच्यात पाणी आणि मुळे शिरू देतात, काड्या व पानांचे देठ आत ओढून नेतात आणि खत वर आणतात. हे पत्र १७८९ च्या त्यांच्या पुस्तकात छापले गेले. गांडुळांवर कोणीतरी स्वतंत्र ग्रंथ लिहावा, असेही त्यांनी सुचवले होते. त्या ग्रंथाला अजून ९२ वर्षे अवकाश होता.

डार्विन पाने मोजतो

‘बीगल’ जहाजाच्या सफरीवरून परतल्यावर १८३७ मध्ये चार्ल्स डार्विन आपल्या मामांकडे, स्टॅफर्डशायरमधील मेअर येथे गेला होता. मामांनी त्याला एक शेत दाखवले. काही वर्षांपूर्वी त्यावर पसरलेला चुना आणि जळक्या कोळशाचे खडे आता काही इंच खाली एका थरात सापडत होते. ते खाली गेले नाहीत, गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली गाडले गेले, असे मामांचे मत होते. डार्विनने त्याच वर्षी लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत यावर निबंध वाचला. १८६९ मध्ये एका लेखकाने आक्षेप घेतला की इतक्या दुबळ्या आणि लहान प्राण्याकडून एवढे मोठे काम होणे शक्यच नाही. वादाने असा आक्षेप खोडता येत नाही, मोजावेच लागते. डार्विनने मोजले.

१८४२ मध्ये त्याने आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. १८७१ मध्ये, म्हणजे २९ वर्षांनी, त्याने तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली सापडली. गांडुळे दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती वर आणतात, असा हिशेब त्याने इंग्लंडच्या पुष्कळ भागांसाठी मांडला.

पानांचे काय? गांडुळे रात्री बिळातून डोके काढतात आणि पाने ओढून बिळाच्या तोंडात बसवतात. डार्विनने बिळांमधून २२७ सुकी पाने उपसून काढली. त्यांपैकी १८१ टोकाकडून ओढलेली होती, २० देठाकडून आणि २६ मधूनच धरलेली. बहुतेक पाने टोकाकडे निमुळती असतात, म्हणून ती टोकाकडून ओढली तर बिळात सहज शिरतात. ऱ्होडोडेंड्रॉनची सुकी पाने बऱ्याच वेळा देठाकडे अधिक अरुंद होतात. तिथे सुमारे दोन तृतीयांश पाने देठाकडून ओढलेली आढळली. मग त्याने कागदाचे लांबट त्रिकोण कापून बागेत टाकले. ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के गांडुळांनी अणकुचीदार टोकाकडून ओढले होते. आंधळ्या आणि बहिऱ्या प्राण्याला वस्तूच्या आकाराची काही ना काही जाण असते, असा निष्कर्ष त्याने काढला.

हे सारे १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये पुस्तकरूपाने आले. पुढच्या एप्रिलमध्ये डार्विनचे निधन झाले. ज्या महिन्यात इंग्लंडमधले माळी पाने गोळा करत होते, त्याच महिन्यात ती पाने कोणाचा शिधा आहेत हे त्यांना कळले.

बव्हेरियातील दंताळे

बागेतून पाने काढल्याने फारसे बिघडत नाही, तिला वरून खत मिळते. पण हेच दंताळे जंगलात फिरले तर? जर्मन भाषिक प्रदेशात अठराव्या शतकापासून हे मोठ्या प्रमाणावर घडले. गुरे गोठ्यात बांधून पोसण्याची पद्धत वाढली. गरीब शेतकऱ्याकडे गुरांखाली अंथरायला पेंढा पुरत नसे, कारण बटाट्याच्या शेतातून पेंढा मिळत नाही. मग तो जंगलातील पाचोळा ओढून आणी. शेणमुताने भिजलेला तो पाचोळा खत म्हणून शेतात जाई. शेत पोसले जाई, जंगल मात्र उपाशी राही.

बव्हेरियातील वनरसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट एबरमायर याने या प्रकाराचा हिशेब केला आणि १८७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बीचच्या जंगलात दर हेक्टरी वर्षाला सुमारे चार टन कोरडा पाचोळा पडतो, आणि झाडे तोडून लाकूड नेल्याने जमिनीतील जेवढी खनिजे जातात त्यापेक्षा पाचोळा नेल्याने जास्त जातात, हे त्याने दाखवले. लाकूड हे झाडाचे मोठे पण खनिजांच्या दृष्टीने गरीब अंग आहे. श्रीमंत अंग पान आहे. पाचोळा नेणे विसाव्या शतकात बंद झाल्यावर अनेक ठिकाणची माती हळूहळू सुधारू लागली.

हाच वाद आपल्याकडेही झाला. ठाणे-कुलाबा भागात भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर पाला, डहाळ्या, गवत आणि शेण यांचे थर रचून जाळतात. त्याला राब म्हणतात. जंगलातून पाला आणण्यावर इंग्रज वनखात्याने बंधने घातली, तेव्हा तक्रारी उठल्या आणि १८८५ ते १८८७ या काळातील मुंबई वन आयोगापुढे राबाचा प्रश्न आला. वनाधिकारी जंगलाची तूट पाहत होता, शेतकरी आपला भात पाहत होता. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी खरा होता. पान एकच होते आणि ते दोघांना हवे होते.

जाळीची पिशवी

पाचोळा नेमका कोण संपवतो, हे कळायला एक अगदी साधे साधन कामी आले. १९५७ मध्ये बोकॉक आणि गिल्बर्ट या इंग्रज संशोधकांनी पाने जाळीच्या पिशवीत भरून, वजन करून, जमिनीवर ठेवली आणि काही काळाने पुन्हा वजन केले. पुढे १९६३ मध्ये एडवर्ड्स आणि हीथ यांनी वेगवेगळ्या आकारांच्या छिद्रांच्या पिशव्या वापरल्या. मोठ्या छिद्रांतून गांडुळे आत जात आणि पाने लवकर नाहीशी होत. बारीक छिद्रांनी गांडुळांना अडवले की काम मंदावे. केवळ सूक्ष्मजीवच शिरू शकतील अशा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत नऊ महिन्यांनीही पाने जवळजवळ जशीच्या तशी दिसत होती. म्हणजे सूक्ष्मजीवांच्या आधी पान फोडणारा कोणीतरी लागतो.

गांडूळ खलनायक होते तेव्हा

इथवर आल्यावर गांडूळ सर्वत्र हितकारी आहे असे वाटेल. पण उत्तर अमेरिकेने वेगळा धडा दिला. गेल्या हिमयुगात तिचा उत्तर भाग बर्फाच्या जाड थराखाली होता आणि बर्फ हटल्यावरही तिथे स्थानिक गांडुळे जवळजवळ नव्हती. तिथली जंगले हजारो वर्षे गांडुळांवाचून वाढली. पाचोळा तिथे बुरशीच्या हातून सावकाश कुजे आणि जमिनीवर त्याची जाड गादी राही. त्या गादीतच रोपे, रानफुले आणि नेचे रुजत.

युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर, रोपांच्या मातीतून आणि जहाजांच्या भरावातून, गांडुळे आली. पुढे गळाला लावायचे आमिष म्हणून ती तळ्यांकाठी टाकली गेली. मिनेसोटात १९९० नंतर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की गांडुळे जंगलात शिरली की ही गादी काही वर्षांत नाहीशी होते. तिच्यावर जगणारा बॉट्रिकियम मॉर्मो नावाचा इवलासा नेचा अशा ठिकाणी दिसेनासा झाला. डार्विनने ज्याचे गुण गायिले तेच हे गांडूळ होते आणि पाने ओढण्याचे त्याचे कामही तेच होते. फक्त जागा बदलली होती.

हिरवळीच्या बाबतीतही हिशेब बदलला. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील शहरी कचऱ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा गवत, पाने आणि फांद्यांचा होता. त्या काळात अनेक राज्यांनी तो कचराभूमीत टाकायला बंदी केली. मग मिशिगन राज्य विद्यापीठात प्रयोग झाले: पाने ओढून न काढता यंत्राने बारीक करून गवतातच जिरवली, तर हिरवळीचे नुकसान झाले नाही. माळ्याचा जुना शत्रू पान नव्हतेच. पानांचा जाड, अखंड थर हा शत्रू होता.

आपल्या शाळेच्या आवारात

आता आरंभीचा फरक आठवा. युरोपात पाने ओल्या, थंड हंगामाच्या तोंडावर पडतात. आपल्याकडे ती पडतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुढे तीन-चार महिने पाऊस नसताना. त्या काळात गांडुळे खोल जाऊन निपचित पडलेली असतात. पान कुजत नाही, नुसते वाळते. ते मातीला सावली देऊन ओल टिकवते, आणि तेच वणव्याला इंधनही होते. म्हणून इंग्लंडचा किंवा मिनेसोटाचा नियम उचलून इथे लावता येणार नाही.

मी शाळेत असताना शनिवारी सफाईच्या तासाला आम्ही आवारातील पाने झाडून ढीग करायचो आणि शिपाईमामा तो पेटवायचे. धूर वर्गात येई आणि सगळे खोकत. त्या धुरात झाडांचे नत्र उडून जात आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. कदाचित सांगणाऱ्यांनाही ते माहीत नसेल.

आज हे करून पाहता येईल. येत्या पानगळीत आवारात एकेक चौरस मीटरचे दोन तुकडे आखा. एक झाडत राहा, दुसऱ्यावरची पाने तशीच राहू द्या. दर आठवड्याला दोन्हींची माती बोटाने उकरून ओल पाहा. मच्छरदाणीच्या जाळीची एक पिशवी आणि मोठ्या छिद्रांच्या जाळीची दुसरी, अशा दोन पिशव्यांत वाळलेली पाने समान वजनाची भरा आणि त्या जमिनीवर खिळ्याने पक्क्या करा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाने काढून, झटकून, वाळवून तोला. आकडे वहीत तारखेसह लिहा. गांडुळे, वाळवी, पैसे ऊर्फ वाणी, यांपैकी कोण दिसले तेही लिहा.

पाने झाडावीत की राहू द्यावीत, हे त्या वहीवरून ठरवता येईल. डार्विनकडेही खडू, कागदाचे त्रिकोण आणि भरपूर धीर याहून फारसे काही नव्हते.